दुधाच्या गाडीचा काळा प्लग

दिवाळीला आठ दिवस होते. पुतण्या लातूरला दूध घालून परत आला तो गाडी ढकलतच अंगणात शिरला. घामाने डबडबलेला. म्हणाला, "काका, लई झटके खाऊ लालीय. चढाला तर जीवच सोडतीय. वेशीपासून ढकलत आणली."

ही गाडी आणि तिचा प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा भाग, यात माझे पुढचे पाच आठवडे गेले. घरच्या घरी प्लग बदलणं दहा मिनिटांचं काम आहे. तो काळा का झाला हे शोधायला मात्र मला एका पहाटे त्याच्यासोबत गावभर फिरावं लागलं. म्हणून हे प्रकरण सगळं लिहून काढतो आहे. आपल्याकडे दुधाच्या, भाजीच्या, पाण्याच्या जारच्या अशा शेकडो गाड्या रोज धावतात. त्यांची दुखणी बहुतेक एकाच जातीची असतात.

गाडी आणि तिचं रोजचं काम

आमचं गाव औसा तालुक्यातलं. गाडी म्हणजे 125 सीसीची मोटारसायकल, 2015 सालची, कार्बोरेटरची. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हा धुराचा नियम आला आणि नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं. ही त्याच्या आधीची, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचा मेळ अजून कार्बोरेटरातल्या जेट आणि स्लाइड या भागांवर चालणारी. मीटर 71 हजारांच्या पुढे गेलेला.

पुतण्या पहाटे पाचला निघतो. गावातल्या चौदा घरांचं दूध गोळा करतो, चाळीस लिटरचे दोन कॅन भरतो आणि सव्वीस किलोमीटरवर लातूरला नेतो. दूध पाण्यापेक्षा थोडं जड असतं. दोन्ही कॅन भरले की ब्याऐंशी किलो नुसतं दूध होतं, कॅनचं आणि लोखंडी स्टँडचं वजन वेगळं. जाऊन-येऊन आणि गल्ल्या धरून दिवसाला छप्पन्न किलोमीटर. मॅन्युअलमध्ये प्लग बारा हजार किलोमीटरला बदलायचा लिहिलाय. शाळा-बाजार करणाऱ्याला तिथपर्यंत जायला दोन वर्षं लागतील, हा सात महिन्यांत पोचतो. त्यामुळे "आत्ताच तर सर्व्हिसिंग केली होती" हे त्याचं वाक्य मी कधीच मनावर घेत नाही. महिने मोजायचे नाहीत, मीटर बघायचा.

मी स्वतः आठ वर्षं वाळूजच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात होतो, दुचाकीचे सुटे भाग बनवणाऱ्या. बोल्ट किती आवळायचा याची शिस्त तिथे अंगात भिनली. गावाकडे आल्यावर भावकीतल्या गाड्या माझ्याकडेच येतात.

पहिली वेळ

त्या दिवशी इंजिन तापलेलं होतं, म्हणून हात लावला नाही. हेड, म्हणजे इंजिनाचा प्लग बसतो तो वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं. गरम असताना प्लग खोलला तर आटे निघून येतात आणि मग शंभर रुपयांच्या प्लगपायी हेडचं काम निघतं. जेवण केलं, तासभर पडलो, मग बसलो.

आधी प्लगच्या खळग्यातली माती काढली. हे काम लोक विसरतात. तिथे भुसकट, मुरूम, वाळलेलं दूध असं काय काय साचलेलं असतं. प्लग निघाला की ते सरळ सिलिंडरमध्ये पडतं. मी सायकलच्या पंपाने फुंकर मारली, जुन्या दातांच्या ब्रशने कडा झाडल्या, परत फुंकर मारली. मग कॅप धरून ओढली. वायर धरून ओढायची नाही, ती कॅपच्या आत तुटते आणि बाहेरून कळतसुद्धा नाही. सोळाचा प्लग पाना लावला, सावकाश सोडवला, शेवटचे आटे बोटांनी फिरवले.

प्लग काळा निघाला. कोरडी, मखमलीसारखी काजळी. बोटाला लागली की पावडरीसारखी सुटते आणि बोट चोळलं तरी तेलकट लागत नाही. मधल्या इलेक्ट्रोडभोवतीची पांढरी चिनी मातीची नळी तर दिसतच नव्हती.

ही काजळी गाडी कशी अडवते ते सांगतो. ठिणगीसाठी प्लगला दहा हजार व्होल्टच्या वर दाब मिळतो. एवढ्या दाबाने वीज मधल्या टोकावरून बाजूच्या वाकड्या टोकावर उडी मारते, ती उडी म्हणजे ठिणगी. पण काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज वाहते. नळीवर काजळीचा थर बसला की विजेला उडी मारायची गरज राहत नाही, ती थरावरून सरपटत हेडमध्ये उतरते. गाडी रिकामी, रस्ता सपाट, तेव्हा कसंबसं चालून जातं. चढाला किंवा लोड असताना थ्रॉटल जास्त उघडतो, सिलिंडरमध्ये जास्त हवा दाबली जाते आणि त्या दाटीत उडी मारायला विजेला जास्त जोर लागतो. नेमकी तेव्हाच ती सोपी वाट धरते. पुतण्याची गाडी चढालाच जीव का सोडत होती, ते एवढ्यात आलं.

नवा प्लग आणला. गाडीच्या मॅन्युअलमध्ये एनजीकेचा सीपीआर8ईए-9 दिलेला आहे, तोच घेतला. हा नंबर वाचता आला पाहिजे. सी म्हणजे दहा मिलिमीटरचे आटे. पी म्हणजे आतली नळी थोडी पुढे आलेली. आर म्हणजे आत रेझिस्टर आहे. 8 हा उष्णतेचा क्रमांक. ई म्हणजे आट्यांची लांबी एकोणीस मिलिमीटर. शेवटचा 9 म्हणजे गॅप, दोन टोकांमधलं अंतर, 0.9 मिलिमीटर. दुकानदाराने "हा पण बसतोय की" म्हणून दुसरा पुढे केला तर आटे बसतील, पण लांबी कमी-जास्त निघाली तर आत पिस्टनशी गाठ आहे.

डबीतून काढल्यावर फिलर गेज, म्हणजे ठरलेल्या जाडीची पात, घालून गॅप बघितली. पात किंचित घासत जावी एवढीच जागा होती. हातानेच आटे धरवले, आतपर्यंत बोटांनी फिरवत नेलं. पाना पहिल्यापासून लावला आणि आटा तिरका धरला गेला तर हाताला कळत नाही, बोटांना लगेच कळतं. वॉशर टेकल्यावर पान्याने अर्धा वळसा, बस. टॉर्क पाना असेल तर दहा ते बारा न्यूटन-मीटर. आपल्याकडे दांड्यात पाइप घालून "टाइट झालं पाहिजे" म्हणून ताकद लावतात. वॉशर दबण्यापुरतंच आवळायचं असतं.

एका किकला चालू झाली. पुतण्या खूश, मीही. फक्त एक विचारलं, "हवेचा फिल्टर बघितलास का?"

"दसऱ्याला गॅरेजवर हवा मारून आणलाय, काका."

मी मान डोलावली आणि हात धुतले. चूक इथे झाली. काळा प्लग हातात धरून मी गाडी बंद का पडली ते सांगितलं, काजळी आली कुठून हे शोधलंच नाही.

अठराव्या दिवशी

अठराव्या दिवशी गाडी परत झटके घेऊ लागली. या वेळी पुतण्या हुशार झाला होता, ढकलत आणायच्या आधीच आला. शिवाय ॲव्हरेज पडल्याचंही त्याने सांगितलं. एरवी पंचावन्नच्या आसपास देते, आता सेहेचाळीसवर आली होती.

प्लग काढला. हजार किलोमीटर झालेला, आणि पुन्हा तीच कोरडी काजळी.

कोरडी आहे, तेलकट नाही, म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल वर येत नव्हतं. 71 हजार चाललेल्या गाडीत माझी खरी भीती ती होती, कारण मग इंजिन खोलावं लागलं असतं. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला वजनाने एकाला 14.7 भाग हवा लागते. हवा आडली की न जळलेला कार्बन मिळेल तिथे बसतो, आणि त्याला सगळ्यात आवडती जागा म्हणजे प्लगची थंड नळी.

फिल्टरचं झाकण उघडलं. आमच्याकडे ऑक्टोबरात सोयाबीनच्या राशी होतात. मळणी यंत्राच्या तोंडातून जो पिवळट धुरळा उडतो तो पंधरा-वीस दिवस गावावरून हटत नाही. पुतण्याचा दूध गोळा करायचा रस्ता दोन खळ्यांच्या मधून जातो. फिल्टरच्या घड्यांमध्ये तो धुरळा आणि काळ्या रानाची माती यांचा गिलावा बसला होता. नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. घड्या मोजताच येत नव्हत्या.

मग दसऱ्याला मारलेल्या हवेचं काय झालं? या गाडीचा फिल्टर तेल पाजलेल्या कागदाचा आहे. कागद हाताला थोडा चिकट लागतो, धूळ त्या तेलाला धरून बसते. हा फिल्टर धुवायचाही नसतो आणि त्याला हवाही मारायची नसते, सरळ बदलायचा असतो. मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. हवा मारली की वरवरची धूळ उडते, आतली अजून खोल जाते आणि चिकटपणा कमी होतो. कोरड्या कागदाचा फिल्टर वेगळा, त्याला आतून बाहेर हलकी हवा चालते. स्पंजचा फिल्टर आणखी वेगळा, तो रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात धुवायचा, पिळायचा नाही, दाबून वाळवायचा आणि ऑइलचा हात देऊन बसवायचा. गॅरेजवाला तिन्हींना एकाच पाइपने हवा मारतो, कारण त्याच्यासमोर दहा गाड्या उभ्या असतात. आपल्या गाडीत कोणता फिल्टर आहे हे आपणच माहीत करून घ्यायचं.

आमच्याकडे गाडी पाइप लावून धुण्याची पद्धत नाही, हेही मला त्या वेळी जाणवलं. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस बघितलेला माणूस गाडी ओल्या फडक्यानेच पुसतो. ते बरोबरच आहे. पण फडकं टाकीवर आणि मडगार्डवर फिरतं, गाडी चकचकीत दिसते, आणि धूळ जिथे खरी बसते ते झाकण कुणी उघडत नाही.

डब्याच्या आतल्या बाजूला, जिथून हवा कार्बोरेटरकडे जाते तिथे, मी पांढरं फडकं फिरवून बघितलं. स्वच्छ निघालं. कागद फाटलेला नव्हता. फाटला असता तर काळ्या मातीतली रेती सिलिंडरच्या भिंती घासत बसली असती. नवा फिल्टर बसवला, प्लग नवा टाकला, काळा झालेला एका डब्यात ठेवला. त्याला पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश मारत नाही मी. तारेचे कण नळीला चिकटतात आणि विजेला नवी वाट मिळते.

पहाटेची फेरी

चार दिवसांनी मीच हट्टाने प्लग काढून बघितला. काजळी कमी होती, पण होती. नव्या फिल्टरवर दोनशे किलोमीटर चाललेल्या गाडीचा प्लग एवढा काळवंडायला नको होता.

गावातल्या एकाने सल्ला दिला की 8 नंबर काढा आणि 7 टाका, तो गरम असतो, काजळी जाळून टाकतो. त्यात तथ्य आहे. प्लगचं टोक साधारण 450 अंशांच्या वर गेलं की काजळी आपोआप जळते, आणि एनजीकेच्या नंबरात आकडा लहान तसा प्लग गरम. पण तेच टोक आठशेच्या पुढे गेलं तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू लागतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. तेव्हा नोव्हेंबर होता. मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत, ब्याऐंशी किलो दूध घेऊन तुळजापूर–नागपूर हायवेवर हीच गाडी पळणार. रोग एकीकडे असताना प्लगचा नंबर बदलायचा नाही, यावर मी अडून बसलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्याच्या मागे माझी गाडी काढली. थंडी होती. त्याने गार इंजिनाला पेट्रोल जास्त मिळावं म्हणून चोक ओढला, एका किकला चालू केली, चोक मागे ढकलला आणि निघाला. पहिल्या घरी थांबला, गाडी चालूच. वहिनींकडून दूध मोजून घेतलं, वहीत लिहिलं, दोन वाक्यं बोलला, पुढे. दुसरं घर, गाडी चालूच. मी विचारलं, बंद का करत नाहीस? म्हणाला, "कॅन भरले की किक मारायला तोल जातोय काका, गाडी आडवी पडायची भ्याव." बरोबर होतं त्याचं. चौदा घरांना पन्नास मिनिटं लागली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वेळ गाडी नुसती उभ्याने भकभकत होती. पण आवाज जरा चढा वाटला. चोकचा खटका हँडलला आहे, तिथून केबल खाली कार्बोरेटरला जाते. खटका पूर्ण मागे होता. मी वाकून खाली बघितलं तर केबलच्या टोकाचा तुकडा अर्ध्यावरच थांबला होता. बोटाने दाबला, खटकन आत गेला आणि इंजिनाचा आवाज लगेच मऊ झाला.

केबलच्या नळीत माती गेली होती. वरून चोक बंद दिसत होता, खाली अर्धा उघडाच.

म्हणजे कारणं तीन होती आणि तिन्ही एका दिशेला ओढत होती. फिल्टरने हवा आडवली, अर्ध्या चोकने पेट्रोल वाढवलं, आणि निम्म्याहून जास्त फेरी उभ्याने चाललेल्या इंजिनात प्लग 450 अंशांपर्यंत तापलाच नाही.

हे नुसतं बोलून ठरवायचं नव्हतं. त्या दिवशी दूध शेजाऱ्याच्या टमटमने पाठवलं आणि गाडी वेशीतच बंद करून ठेवली. गार झाल्यावर प्लग काढला, नळी खालपासून वरपर्यंत काळी. मग केबल सोडवली, रॉकेल सोडून नळी धुतली, पाणी शिरू नये म्हणून वरचं रबर बदललं, हलक्या ऑइलचे चार थेंब सोडले. दुसऱ्या दिवशी चोक नीट मिटलेला, दूध नेहमीसारखं लातूरला. येताना पाच-सहा किलोमीटर एका वेगाने चालवली आणि एका टपरीपाशी क्लच दाबून तिथेच इंजिन बंद केलं, म्हणजे उभ्याने चालल्याची काजळी वर बसणार नाही. चहा घेतला, पाऊण तास थांबलो, गार झाल्यावर प्लग काढला. टोक फिक्या विटकरी रंगाचं. मुळाशी थोडी काळी कड, पण ती जुनी होती. पुतण्याने प्लग उन्हाकडे धरला आणि बराच वेळ बघत राहिला. त्याने आजवर प्लग बदलून घेतले होते, एकही निरखून बघितला नव्हता.

त्याच बैठकीत बाकीचं

गाडी उघडलीच होती म्हणून ऑइलही बदललं. पाच मिनिटं चालू ठेवून, कोमट असताना, मेन स्टँडवर. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा. 10डब्ल्यू-30, डब्यावर जेएएसओ एमए लिहिलेलंच घ्यायचं, कारण बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरू शकतो. काळं ऑइल पुतण्या बांधावर ओतायला निघाला होता, त्याला थांबवलं. ते काळ्या रानात मुरतं आणि मुरलेलं निघत नाही. डब्यात भरून औशाच्या गॅरेजच्या पिंपात टाकलं.

चेन या गाडीची सगळ्यात उपेक्षित. ब्याऐंशी किलोचा ताण रोज तिच्यावर आणि वंगण मात्र दोन-दोन महिन्यांनी. पूर्वी बैलगाडीच्या आसाला वंगण घातल्याशिवाय कुणी वाटेला लागत नसे. आता दर पाचशे किलोमीटरला, म्हणजे त्याच्या नऊ-दहा दिवसांना, रॉकेलने पुसून 90 नंबरचं गिअर ऑइल ब्रशने लावायचं ठरलंय. मधोमध वर-खाली हलवून झोळ बघायचा, दोन ते तीन सेंटिमीटर. मागच्या टायरची हवा स्टिकरवर दोघांच्या वजनासाठी दिलेली तेवढी, आणि ती पहाटे गार असताना मोजायची. ब्रेक आणि क्लच केबल ठीक होत्या.

त्यानंतर

दोन प्लग, फिल्टर, ऑइल, वॉशर आणि केबलचं रबर मिळून हजाराच्या आत काम झालं. पहिला प्लग फिल्टर न बघता टाकला नसता तर त्यातलेही वाचले असते. ॲव्हरेज तीन टाक्या मोजली, चोपन्नवर आली. पहाटेच्या फेरीत आता पुतण्या शेवटची चार घरं गाडी बंद ठेवून करतो. ती घरं एका ओळीत आहेत, तिथे तो दूध कळशीत घेऊन येतो. कॅन जास्त भरलेले असतात ते नेमके तेव्हाच, म्हणून त्याने एक लाकडी टेकू केला आहे, किक मारताना गाडी आडवी होत नाही. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही, त्याचं त्यानेच केलं.

काळे झालेले दोन प्लग मी फेकले नाहीत. डब्यावर तारीख आणि मीटरचा आकडा लिहून ठेवलाय. परवा चार हजार किलोमीटर झाल्यावर त्याने स्वतः प्लग काढला. आधी खळगा झाडला, कॅप धरून ओढली, गेज घातला. गॅप 0.9. रंग विटकरी. मग त्याने डब्यातले काळे दोन आणि हा, तिन्ही ओट्यावर ओळीने मांडून आपल्या धाकट्या भावाला दाखवले आणि जुनाच प्लग परत बसवला, वॉशर आधीच दबलेला म्हणून वळशाचा आठवा भाग एवढाच आवळून. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सप्टेंबरच्या पानावर त्याने लिहून ठेवलंय, राशी सुरू व्हायच्या आधी फिल्टर आणायचा, आणि झाल्यावर उघडून बघायचा.